संकेतस्थळाच्या शोधयंत्रीय भेटींतील घट

गूगल, बिंग यांसारख्या शोधयंत्रांच्या निकालपानांवरून एखाद्या स्थिरावलेल्या संकेतस्थळाकडे येणाऱ्या वाचकांची संख्या लक्षणीय प्रमाणात कमी होणे, यास शोधयंत्रीय भेटींतील घट असे म्हणतात. निकालपानावरील जाहिरातींची जागा पैसे देऊन मिळते. प्रस्तुत संज्ञा मात्र केवळ विनामूल्य निकालांतून होणाऱ्या भेटींसाठी वापरली जाते. ही घट एका दिवसात होऊ शकते किंवा अनेक महिने संथपणे चालू राहू शकते. संकेतस्थळाचे वय, मजकुराचा साठा किंवा पूर्वीचे वरचे स्थान यांपैकी कशानेही तिच्यापासून कायमचे संरक्षण मिळत नाही. तसेच घट झाली एवढ्यावरून मजकुराचा दर्जा खालावला, असेही सिद्ध होत नाही. घटीची कारणे भिन्न असतात व प्रत्येकावरील उपायही वेगळा असतो. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी कारणाचे निदान करणे आवश्यक ठरते.

शोधयंत्राची कार्यपद्धती

शोधयंत्रातून वाचक संकेतस्थळापर्यंत पोहोचण्यापूर्वी पाच टप्पे पार पडतात. प्रथम शोधयंत्राची स्वयंचलित प्रणाली, म्हणजे क्रॉलर, संकेतस्थळावरील पाने वाचते. दुसऱ्या टप्प्यात त्या पानांची शोधयंत्राच्या सूचीत नोंद होते. तिसऱ्या टप्प्यात विशिष्ट शोधशब्दासाठी सूचीतील पानांचा क्रम लावला जातो. चौथ्या टप्प्यात हा क्रम निकालपानावर मांडला जातो आणि पाचव्या टप्प्यात वाचक एखाद्या दुव्यावर टिचकी देतो. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर व्यत्यय आल्यास भेटी कमी होतात. त्यामुळे पुढील कारणे याच टप्प्यांच्या आधारे समजून घेता येतात.

कारणे

तांत्रिक अडथळे

पहिल्या दोन टप्प्यांतील दोष बहुधा संकेतस्थळाच्या बाजूचे असतात. संकेतस्थळाचा कोणता भाग क्रॉलरने वाचू नये, हे सांगणारी ‘रोबॉट्स डॉट टीएक्सटी’ ही धारिका १९९४ पासून प्रचारात आहे. तिच्यातील एका चुकीच्या ओळीने संपूर्ण संकेतस्थळ क्रॉलरसाठी बंद होऊ शकते. पान सूचीत घेऊ नये अशी सूचना देणारी ‘नोइंडेक्स’ ही खूण नूतनीकरणाच्या काळात तात्पुरती लावली जाते व नंतर काढायची राहून जाते. सर्व्हर वारंवार बंद पडत असल्यास क्रॉलरच्या फेऱ्या कमी होतात.

जुन्या संकेतस्थळांच्या बाबतीत स्थलांतर हे विशेष जोखमीचे असते. नाव, रचना किंवा प्रणाली बदलताना पानांचे पत्ते बदलले आणि जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांकडे कायमस्वरूपी पुनर्निर्देशन केले नाही, तर अनेक वर्षांत इतरांनी दिलेले दुवे निष्फळ होतात. असे पुनर्निर्देशन किमान एक वर्ष चालू ठेवावे, अशी गूगलची शिफारस आहे.

भ्रमणध्वनीवरील आवृत्ती हेही एक कारण असते. गूगलने सूचीकरणासाठी संगणकाऐवजी भ्रमणध्वनीवरील आवृत्ती प्रमाण मानण्याचे धोरण २०१६ मध्ये जाहीर केले. जुन्या संकेतस्थळाच्या भ्रमणध्वनी आवृत्तीत मूळ पानापेक्षा कमी मजकूर असल्यास वगळलेला भाग सूचीतूनही वगळला जातो.

क्रमवारीच्या निकषांतील बदल

तिसऱ्या टप्प्यातील बदल शोधयंत्राच्या बाजूने होतात. २४ फेब्रुवारी २०११ रोजी गूगलने जाहीर केलेल्या आणि पुढे ‘पांडा’ या नावाने ओळखल्या गेलेल्या बदलाचा परिणाम अमेरिकेतील ११.८ टक्के शोधांवर झाल्याचे कंपनीने सांगितले होते. शोधशब्द डोळ्यांसमोर ठेवून घाऊक प्रमाणात तयार केलेला उथळ मजकूर हे त्याचे लक्ष्य होते. एप्रिल २०१२ मधील ‘पेंग्विन’ हा बदल कृत्रिमरीत्या मिळवलेल्या दुव्यांविरुद्ध होता. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हेल्पफुल कंटेंट’ हा बदल आला. वाचकाऐवजी शोधयंत्रासाठी लिहिलेला मजकूर ओळखणे हा त्याचा घोषित हेतू होता. मार्च २०२४ मध्ये ही यंत्रणा मुख्य क्रमवारी प्रणालीत विलीन करण्यात आली.

यांखेरीज गूगल वर्षातून काही वेळा संपूर्ण क्रमवारीचे व्यापक पुनर्मूल्यांकन करते. त्यास ‘कोअर अपडेट’ असे म्हणतात. क्रमवारी ही सापेक्ष असते. एखाद्या विद्यार्थ्याचे गुण तेवढेच राहिले, तरी इतरांचे वाढल्यास किंवा गुणदानाची पद्धत बदलल्यास त्याचा क्रमांक खाली जातो. त्याचप्रमाणे कोणताही दोष नसलेले पानही मागे पडू शकते. अशा पानात दुरुस्त करण्याजोगे काही असतेच असे नाही.

नियमभंगाबद्दल कारवाई

निकषांतील बदल सर्वांना लागू असतात. कारवाई मात्र विशिष्ट संकेतस्थळावर होते. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यू कंपनीचे जर्मन संकेतस्थळ गूगलने सूचीतून काढले. केवळ क्रॉलरसाठी रचलेली पाने त्यात आढळली होती. ती काढून टाकल्यावर काही दिवसांतच संकेतस्थळाचा पुन्हा समावेश झाला. फेब्रुवारी २०११ मध्ये जे. सी. पेनी या अमेरिकी विक्रेत्या कंपनीच्या संकेतस्थळाकडे निर्देश करणारे असंख्य कृत्रिम दुवे ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने उघडकीस आणले. त्यानंतर त्या संकेतस्थळाची अनेक शोधशब्दांसाठीची वरची स्थाने गेली. मानवी परीक्षणानंतर झालेल्या अशा कारवाईची सूचना संकेतस्थळाच्या मालकाला गूगलच्या ‘सर्च कन्सोल’ या साधनात मिळते.

संकेतस्थळात घुसखोरी होऊन त्यात परक्या जाहिरातींची पाने दडवली गेली, तर मालकाला कल्पना नसतानाही स्थान घसरू शकते.

निकालपानाचे बदलते स्वरूप

चौथ्या व पाचव्या टप्प्यांतील घटीत क्रमांक कायम राहूनही टिचक्या कमी होतात. २०१२ पासून गूगलने व्यक्ती, स्थळे व वस्तूंविषयीची माहिती निकालपानावरच चौकटीत देण्यास प्रारंभ केला. पुढे पानांतील उतारेही निकालांच्या वर दिसू लागले. मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले सारांश निकालांच्या वर दाखवण्यास सुरुवात झाली. एखाद्या शब्दाचा अर्थ, एखादी तारीख किंवा मोजमापाचे रूपांतर यांसारख्या प्रश्नांचे उत्तर तेथेच मिळाल्यावर वाचकाला मूळ पान उघडण्याची गरज उरत नाही.

मागणीतील बदल

वाचकांनी तो विषय शोधणेच कमी केले, तरी भेटी घटतात. परीक्षा, सण, हंगाम यांच्याशी निगडित विषयांत असे चढउतार दरवर्षी दिसतात. कालबाह्य झालेले यंत्र, बंद पडलेली शासकीय योजना किंवा जुना अभ्यासक्रम यांवरील पानांची घट कायमची असते.

मराठी संकेतस्थळांसंबंधी विशेष बाबी

युनिकोड रूढ होण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे स्वतंत्र फाँटमध्ये मजकूर प्रसिद्ध करीत. पडद्यावर देवनागरी दिसणारी ही अक्षरे संगणकाच्या दृष्टीने रोमन वर्णसंकेत असत. म्हणून युनिकोडमध्ये टंकलेल्या शोधशब्दाशी ती जुळत नसत. असा जुना साठा रूपांतरित न केल्यास तो शोधयंत्राला जवळपास अदृश्यच राहतो आणि रूपांतर करताना पत्ते बदलल्यास जुने दुवे तुटतात.

देवनागरीतील पत्ते नक्कल करून अन्यत्र चिकटवले असता टक्केचिन्हे व अंकांच्या लांब मालिकेत बदलतात व पुष्कळदा अर्धवट तुटतात. ‘ऱ्या’सारखे अक्षर युनिकोडमध्ये दोन वेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येते. दिसायला सारख्या असलेल्या या दोन रूपांमुळे अक्षरशः जुळणी करणाऱ्या साधनांत गफलत होते आणि स्थलांतराच्या वेळी पत्त्यांची जुळवणी चुकू शकते.

निदान

प्रथम घट खरी आहे काय, हे तपासावे लागते. भेटी मोजणारी संज्ञावली नव्या रचनेत बसवायची राहून गेल्यास वाचक येत असूनही आकडे शून्याकडे जातात. १ जुलै २०२३ पासून गूगल ॲनालिटिक्सच्या जुन्या आवृत्तीने नवी माहिती नोंदवणे थांबवले, तेव्हा नवी आवृत्ती न बसवलेल्या संकेतस्थळांवर अशी भासमान घट दिसू शकत होती.

त्यानंतर सर्च कन्सोलमधील आकड्यांची तुलना केली जाते. तेथे १६ महिन्यांपर्यंतची माहिती उपलब्ध असते. त्यामुळे मागील वर्षीच्या त्याच काळाशी तुलना शक्य होते. निकालांत दिसण्याची संख्या, सरासरी स्थान आणि टिचक्या या तीन आकड्यांवरून पुढील अंदाज बांधता येतात:

* बहुतेक पाने एकाएकी सूचीतून गेली असल्यास तांत्रिक अडथळा, घुसखोरी किंवा कारवाई संभवते.
* अनेक पानांचे स्थान एकाच सुमारास घसरले असल्यास त्या तारखेची निकषबदलांच्या तारखांशी तुलना करावी लागते.
* स्थान व दिसण्याची संख्या कायम असून टिचक्या घटल्या असल्यास निकालपानाचे स्वरूप बदललेले असते.
* स्थान कायम असून दिसण्याची संख्या घटली असल्यास मागणी ओसरलेली असते.

ही कारणे एकत्रही आढळू शकतात.

पुनर्प्राप्ती

तांत्रिक दोष दूर केल्यावर भेटी बऱ्याचदा काही दिवसांत किंवा आठवड्यांत पूर्ववत होतात. कारवाईच्या प्रसंगी दोष काढून पुनर्विचाराची विनंती करता येते. निकषबदलांमुळे झालेली घट भरून येण्यास अधिक काळ लागतो व पूर्वीचे स्थान मिळेलच, याची हमी नसते. अशा वेळी जुनी पाने घाईने मोठ्या प्रमाणावर काढून टाकल्यास उपयुक्त मजकूर व त्याकडे येणारे दुवे दोन्ही नष्ट होतात. निकालपानाच्या नव्या स्वरूपामुळे किंवा ओसरलेल्या मागणीमुळे झालेल्या घटीवर तांत्रिक दुरुस्तीचा उपयोग होत नाही. ई-पत्रे, थेट वर्गणीदार व अन्य संकेतस्थळांवरील दुवे यांमुळे एकाच स्रोतावरील अवलंबित्व कमी होते.

कायदेशीर वाद

बहुतांश शोध एकाच कंपनीमार्फत होत असल्याने क्रमवारीतील घसरण हा स्पर्धा कायद्याचाही विषय ठरला आहे. फाउंडेम हे ब्रिटनमधील किमतींची तुलना करणारे संकेतस्थळ २००६ मध्ये सुरू झाल्यावर लवकरच गूगलच्या क्रमवारीत खाली गेले. त्याच्या संस्थापकांनी २००९ मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. स्वतःच्या तुलना सेवेला झुकते माप देऊन प्रतिस्पर्ध्यांना निकालांत मागे टाकल्याबद्दल आयोगाने जून २०१७ मध्ये गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला आणि १० सप्टेंबर २०२४ रोजी युरोपीय न्यायालयाने तो कायम ठेवला. भारतीय स्पर्धा आयोगानेही शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल फेब्रुवारी २०१८ मध्ये गूगलला सुमारे १३६ कोटी रुपयांचा दंड केला. फाउंडेमच्या तक्रारीपासून अंतिम निकालापर्यंत सुमारे १५ वर्षे गेली. तोपर्यंत ते संकेतस्थळ बंद झाले होते.