पाकटाचा काटा आणि कढत पाणी

श्रोतेहो, आपल्या कोकणपट्टीतले कोळी जाळ्यात पाकट मासा सापडला की त्याच्या शेपटीपासून जपून असतात. सुपासारखा चपटा हा मासा उथळ पाण्यात वाळूखाली दडून राहतो आणि पाय पडला की शेपटीवरचा करवती, विषारी काटा मारतो. त्यावरच्या उपचाराची एक जुनी हकीकत मोठी बोधप्रद आहे.

साल १६०८. इंग्रज कप्तान जॉन स्मिथ उत्तर अमेरिकेतल्या चेसापीक उपसागराची पाहणी करीत होता. ओहोटीला होडी अडली, तेव्हा गडी तलवारीने मासे टोचू लागला. एका पाकटाने त्याच्या मनगटात काटा खुपसला. चार तासांत हात, दंड, खांदा सुजून आले. सोबत्यांनी आशा सोडली आणि जवळच्या बेटावर, त्यानेच दाखवलेल्या जागी, त्याच्यासाठी खड्डाही तयार केला! पण बरोबरच्या डॉक्टर वॉल्टर रसेल यांनी जखमेत सळई घालून पाहिली, कसलेसे मोलाचे तेल लावले, आणि रात्रीच्या जेवणाला स्मिथने तोच मासा खाल्ला. त्या जागेला आजही 'स्टिंगरे पॉइंट' म्हणतात.

आता शिक्षकबंधूंनो, वर्गात विचारण्याजोगा प्रश्न असा: गुण तेलाचा, की वेळेचा? ही कळ साधारण तास-दीड तासात शिगेला पोचते आणि मग पुष्कळदा आपणहून ओसरू लागते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, तर दोष कावळ्याचा नव्हे. तसेच श्रेयही तेलाचे नव्हे!

पुढे १९५० च्या दशकात त्याच आडनावाचे अमेरिकन संशोधक फिंडले रसेल यांनी या विषाचा पद्धतशीर अभ्यास केला. विषातली प्रथिने उष्णतेने निकामी होतात असे दिसले, आणि कढत पाण्याच्या उपायाला शास्त्राचा आधार मिळाला. आजचा प्रथमोपचारही तोच: जखम धुवावी आणि तो अवयव सोसवेल इतक्या, सुमारे ४५ अंश सेल्सिअस उष्ण पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. पाणी आधी दुसऱ्याने आपल्या हाताने पाहावे, नाहीतर विषाऐवजी कातडीच भाजायची!

पण पाणी विषावर चालते, खोल घावावर नव्हे. २००६ साली ऑस्ट्रेलियात स्टीव्ह अर्विन यांच्या छातीत काटा घुसला आणि ते दगावले. म्हणून छाती, पोट किंवा मानेत रुतलेला काटा उपसू नये. तसेच दवाखान्यात न्यावे. पायाची जखमही डॉक्टरांना दाखवावी. काट्याचा तुकडा आत राहू शकतो, आणि धनुर्वाताची सुई लागते.

अनुभवाने उपाय सुचतो; तो पारखूनच घ्यावा लागतो.