सप्पिमण्ड आणि काल्पिस : जपानी बाटलीबंद पेयांच्या इतिहासातील काही पाने

विनयपिटकातील महावग्गाच्या भेसज्जक्खन्धकात आपण नावाच्या नगरीत घडलेली केणिय जटिलाची कथा आहे. भगवंतांच्या भेटीस रिकाम्या हाताने कसे जावे, या विचाराने केणियाने पेये तयार करून घेतली व ती कावडींवर वाहून आणली. विकाली अशी पेये घ्यावीत किंवा न घ्यावीत, असा भिक्खूंना संकोच पडला, तेव्हा तथागतांनी आठ पेयांस अनुज्ञा दिली. आंबा, जांभूळ, केळीचे दोन प्रकार, मोह, द्राक्ष, कमळकंद आणि फालसा यांची ती पेये होत. त्यापुढे जाऊन धान्यफळांखेरीज सर्व फळांचा रस, शिजवलेल्या भाजीखेरीज सर्व पानांचा रस, मोहाच्या फुलांखेरीज सर्व फुलांचा रस आणि उसाचा रस यांनाही मोकळीक दिली. संघाच्या नियमावलीत सरबतांची यादी असावी, याचे नवख्या विद्यार्थ्याला हसू येते. विद्यार्थिदशेत आम्हांलाही आले होते. पुढे कळले की, ही यादी चैनीची नसून तहानेची आणि प्रकृतीची आहे. तो खन्धक औषधांचाच आहे.

या यादीची आठवण आम्हांस झाली ती क्योतोमध्ये. पालि निकाय आणि चिनी आगम यांतील काही सुत्तांचा तौलनिक अभ्यास करण्यासाठी आम्ही तेथे काही आठवडे मुक्कामास होतो. तेथे गल्लोगल्ली, विहारांच्या दारांशीदेखील, नाणे टाकताच बाटली बाहेर लोटणारी यंत्रे उभी असतात. रोज संध्याकाळी वाचन संपले की, आम्ही एक नवी बाटली घेऊन खोलीवर यावे, चव घ्यावी आणि दोन ओळी टिपून ठेवाव्यात, असा परिपाठच पडला. आमचे यजमान वृद्ध प्राध्यापक होते. त्यांना आम्ही 'सेन्सेई' म्हणत असू. त्यांनी ही टिपणे पाहिली आणि हसून म्हणाले, "भिक्खूंच्या आठ पेयांनंतर नववे शोधता आहात काय?" प्रस्तुत लेख त्या टिपणांतून उभा राहिला आहे.

पहिली बाटली हिरव्या चहाची. रंग फिकट पिवळसर हिरवा. साखर नाही, दूध नाही. आपल्या उकळलेल्या, आले घातलेल्या चहाला सरावलेल्या जिभेला पहिला घोट भिजल्या गवतासारखा लागतो. दुसऱ्या घोटाला तुरटपणा जाणवतो आणि तिसऱ्यानंतर जिभेच्या मुळाशी एक गोडसर रेंगाळ राहते. ही चव आवडण्यास आम्हांस चार दिवस लागले. पाचव्या दिवसापासून मात्र दुसरे काही नकोसे झाले. विनयाच्या परिभाषेत बोलायचे तर हा शुद्ध पत्ररस होय. थेरवादी देशांतील भिक्खू दुपारनंतर बिनदुधाचा चहा घेतात.

जपानात चहा आला तो भिक्खूंच्या हातून. तांग राजवटीच्या चीनमध्ये दीर्घकाळ राहून आलेल्या एइचू या भिक्खूने इ. स. ८१५ मध्ये सम्राट सागा यांस चहा दिल्याची नोंद राजदरबाराच्या इतिहासग्रंथात आहे. त्यानंतर ही प्रथा मंदावली. तिला पुन्हा जीव दिला तो ११९१ साली चीनहून परतलेल्या एइसाई या झेन आचार्यांनी. त्यांनी १२११ मध्ये चहावर ग्रंथ लिहिला, 'किस्सा योजोकी'. त्याचे प्रतिपादन वैद्यकीय आहे. पाच इंद्रियांना पाच रस हवे असतात. हृदयाला कडू रस हवा. जपानी माणसाच्या आहारात तोच नाही, म्हणून चहा प्यावा. १२१४ मध्ये मद्यपानाने बेजार झालेल्या शोगुन सानेतोमोला एइसाईंनी एक प्याला चहा आणि हा ग्रंथ पाठविला. औषध आणि उपदेश एकदमच!

परंतु सम्राट आणि शोगुन यांच्या प्याल्यांत आम्हांस फारसे स्वारस्य नाही. आम्ही थांबतो ते नारा येथील साइदाइजी विहारापाशी. तेथील विनयाचार्य एइसोन (१२०१–१२९०) यांनी १२३९ साली नववर्षाच्या विधीत अर्पण केलेला चहा नंतर जमलेल्या लोकांना वाटला, अशी त्या विहाराची परंपरा सांगते. त्या काळी चहा हे महागडे औषध होते. सामान्य माणसाच्या ओठांपर्यंत ते पोहोचत नसे. आजही साइदाइजीत हा 'ओचामोरी' सोहळा होतो. मोठ्या परातीएवढे भांडे, ते एकट्याला उचलवत नाही. शेजारचा हात लावतो आणि एकाच भांड्यातून सर्वजण पितात. याच एइसोननी १२६९ मध्ये हान्न्याजी विहारात 'हिनिन' म्हणजे 'माणूस नव्हे' असे नाव दिलेल्या बहिष्कृतांच्या मोठ्या समुदायाला दान दिले. या दोन घटना वेगळ्या आहेत, त्यांची सरमिसळ करू नये. पण दोन्ही एकाच माणसाच्या आयुष्यातील आहेत, एवढे नोंदविणे योग्य होईल. गावच्या हॉटेलात वेगळी ठेवलेली कपबशी ज्या समाजाने स्वतः विसळून पालथी घातली आहे, त्याला एका भांड्यातून पिण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पुढे सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू यांनी चहाविधीला जे रूप दिले, त्याची वर्णने पुष्कळ झाली आहेत. त्या चहागृहाच्या बुटक्या दारातून सामुराईलाही तलवार बाहेर ठेवून, वाकून आत यावे लागे, हे समतेचे उदाहरण म्हणून सांगतात. ते खरेही आहे. मात्र त्या दारापर्यंत निमंत्रण येण्यासाठी माणूस आधी कोणीतरी असावा लागे. आमचे मन अधिक रमले ते बाइसाओ (१६७५–१७६३) यांच्या चरित्रात. 'बाइसाओ' म्हणजे 'चहा विकणारा म्हातारा'. ओबाकू पंथाच्या या भिक्खूने विहारातील स्थान सोडले आणि साठीच्या सुमारास क्योतोच्या रस्त्यांवर, बागांत, पुलांपाशी चहा विकण्यास आरंभ केला. विहाराच्या दानावर जगून धर्म सांगण्यापेक्षा हे बरे, अशी त्यांची भूमिका होती. द्यायचे ते मोल द्या, फुकट प्यालात तरी हरकत नाही, अशा आशयाची पाटी ते लावीत. वार्धक्यात, १७५५ साली, त्यांनी आपली चहाची उपकरणे स्वतः अग्नीत टाकली. आपल्यामागे ती नामांकित वस्तू म्हणून कोणाच्या संग्रहात मिरवू नयेत, एवढाच त्यामागील हेतू.

रस्त्यावर चहा विकणाऱ्या त्या म्हाताऱ्याचे काम आज यंत्र करते. चहा गाळून ठेवला की काळवंडतो आणि त्याची चव जाते, ही अडचण होती. डब्यातील प्राणवायू काढून तेथे नत्रवायू भरण्याच्या तंत्राने ती सुटली. इतो एन या कंपनीने १९८१ मध्ये डबाबंद ऊलाँग चहा आणि १९८५ मध्ये डबाबंद हिरवा चहा बाजारात आणला. १९८९ मध्ये त्याला 'ओइ ओचा' हे नाव मिळाले आणि १९९० मध्ये तो प्लास्टिकच्या बाटलीत आला. अर्ध्या लिटरची बाटली यायला १९९६ उजाडले. कचरा वाढेल म्हणून लहान बाटल्या काढायच्या नाहीत, असे बंधन तोवर उद्योगाने स्वतःवर घालून घेतले होते. 'ओइ ओचा' म्हणजे 'अगं ए, चहा!' घरातील पुरुषाने आतल्या खोलीकडे पाहून दिलेली ही हाक. सेन्सेईंच्या पत्नी म्हणाल्या, "आता ती हाक यंत्राला मारतात, तेवढाच आम्हांला विसावा." या अभिप्रायात भर घालण्यासारखे आमच्यापाशी काही नाही.

दुसरी बाटली 'मुगीचा'ची. हा चहा नव्हेच. भाजलेल्या सातूचे पाणी. नाकाशी नेताच आपल्याकडच्या सातूच्या पिठाचा वास येतो. उन्हाळ्यात याच्यासारखे दुसरे पेय नाही आणि यात झोप उडविणारे द्रव्यही नाही. मात्र विनयाने धान्यफळांचा रस वगळला आहे. तेव्हा हे विकाली घेता येईल काय, असा प्रश्न आम्ही सेन्सेईंना केला. त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि आमचा पेला पुन्हा भरला.

तिसरी 'रामुने'. हे 'लेमोनेड' या शब्दाचे जपानी मुखातील रूप. १८८४ च्या सुमारास कोबे बंदरात एका स्कॉटिश व्यापाऱ्याने ते लोकप्रिय केले. पेय म्हणाल तर साखर, वायू आणि लिंबाचा भास. लहान मुलांनीच प्यावे. बाटली मात्र आपल्या चांगल्या परिचयाची निघाली. गळ्यात काचेची गोटी अडकविलेली ही बाटली हिरॅम कॉड या इंग्रजाची, १८७० च्या दशकाच्या आरंभीची. आपल्या बाजारगावातील गोटी सोडा तो हाच. एकाच साम्राज्याच्या व्यापाराने ती बाटली दोन्हीकडे पोहोचविली.

चौथ्या पेयाने मात्र आम्हांला खुर्चीत ताठ बसविले. 'काल्पिस' हे दुधापासून केलेले आंबटगोड पेय आहे. त्याचा दाट अर्क मिळतो. त्यात चारपाच पट गार पाणी घालून ते पितात. तयार पाणी घातलेले रूप १९९१ पासून मिळते. चव कशी म्हणावी? ताकात मीठ-जिरे न घालता साखर घातली आणि ते नितळ करून घेतले तर जे होईल, त्याच्या जवळपास. पियूषाची आठवण होते, पण केशर-वेलदोडा नाही आणि दाटपणाही नाही. घोट संपल्यावर जिभेवर किंचित खरखर उरते. आम्हांला ते आवडले. नाव निरर्थक परदेशी असेल असे समजून आम्ही बाटली ठेवून देत होतो, तोच सेन्सेई म्हणाले, "तुमचाच शब्द आहे तो. सर्पिस्."

पालि वाङ्मयाच्या वाचकांना दुधाची ती मालिका ठाऊक आहे : खीर, दधि, नवनीत, सप्पि आणि सप्पिमण्ड. दूध, दही, लोणी, तूप आणि तुपाचा सारभाग. अंगुत्तरनिकायात श्रेष्ठत्वाची उपमा म्हणून सप्पिमण्ड येतो. उत्तरेकडील परंपरेत, विशेषतः महायान महापरिनिर्वाणसूत्रात, हे पाच रस उपदेशाच्या पायऱ्यांची उपमा झाले. चिनी-जपानी भाषांत सप्पिमण्डाला 'दाइगो' म्हणतात. 'दाइगोमी' म्हणजे एखाद्या गोष्टीची खरी गोडी, हा शब्द धर्माशी संबंध नसलेला जपानी माणूसही सहज वापरतो.

काल्पिसचा जनक मिशिमा काइउन (१८७८–१९७४) हा ओसाका परिसरातील जोदो शिन्शू पंथाच्या विहारात जन्मला आणि त्याच पंथाच्या विद्यालयात शिकला. तरुणपणी तो चीनला गेला. अंतर्मंगोलियात प्रकृती ढासळली असता तेथील पशुपालकांचे आंबविलेले दूध पिऊन त्याला उतार पडला. मायदेशी परतल्यावर १९१६ मध्ये त्याने आंबविलेल्या सायीचा पदार्थ काढला आणि त्याचे नाव 'दाइगोमी' ठेवले. त्याला मागणी आली, पण पुरेसे दूध मिळेना. मग साय काढून घेतल्यावर जे दूध उरे, त्यावर त्याने प्रयोग केले. त्यात साखर पडली, पुन्हा आंबवण झाली आणि ७ जुलै १९१९ रोजी काल्पिस विक्रीस आले. 'काल' हे कॅल्शियममधून आणि 'पिस' हे सर्पिस्‌मधून. सर्वश्रेष्ठ 'सर्पिर्मण्ड' सोडून दुसऱ्या पायरीवरील 'सर्पिस्' घेतला, तो उच्चाराला सोपा म्हणून. याबाबत ज्यांचा सल्ला घेतला गेला, त्यांत वातानाबे काइक्योकु (१८७२–१९३३) होते. जर्मनीत संस्कृत-पालि शिकलेले, आणि ताकाकुसु जुंजिरो यांच्यासह पुढे तैशो त्रिपिटकाच्या संपादनाचे प्रमुख झालेले हेच ते पंडित. आमच्या अभ्यासिकेतील तैशो आवृत्तीचे खंड आणि त्या मेजावरील बाटली यांचा असा संबंध असेल, हे आमच्या स्वप्नातही नव्हते.

पालि अभ्यासक म्हणून येथे एक आक्षेप नोंदविला पाहिजे. दीघनिकायाच्या पोट्ठपादसुत्तात हीच मालिका वेगळ्या कामासाठी येते. दूध असते तेव्हा त्याला दही म्हणत नाहीत, दही असते तेव्हा लोणी म्हणत नाहीत. त्या त्या अवस्थेला तेच नाव. या कसोटीवर काल्पिस हे नाव टिकत नाही. ज्यातून स्नेहांश काढून घेतला आहे, त्याला तूप कसे म्हणावे? मेण्डक गृहपतीच्या प्रसंगी भगवंतांनी अनुज्ञा दिलेल्या पाच गोरसांत 'तक्क' म्हणजे ताक आहे; हे पेय फार तर त्याच्या शेजारी बसेल. सेन्सेईंनी आक्षेप मान्य केला आणि म्हणाले, "सायीचे नाव उरलेल्या दुधाला गेले. पण साय किती जणांना पुरली असती?"

१ सप्टेंबर १९२३ रोजी कांतो भागात प्रलयंकारी भूकंप झाला. तोक्यो जळत होते, पाण्याचे नळ बंद पडले होते. मिशिमाने कारखान्यातील काल्पिसच्या साठ्यात पाणी आणि बर्फ घालून ते मालमोटारींतून आपद्ग्रस्तांत फुकट वाटले. हे त्याच्या कंपनीने अभिमानाने सांगावे असेच आहे.

परंतु त्याच काळातली दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. पहिल्या महायुद्धानंतर हलाखीत सापडलेल्या युरोपीय चित्रकारांना साह्य व्हावे, म्हणून मिशिमाने भित्तिचित्रांची स्पर्धा भरविली. तीत एका जर्मन चित्रकाराचे चित्र आले आणि तेच पुढे कंपनीचे बोधचिन्ह झाले : डोक्यावर हॅट, जाड ओठ, कोळशासारखा रंग, हातात पेला. कृष्णवर्णीयांची टवाळी करण्याच्या तत्कालीन पाश्चात्त्य शैलीतील ते चित्र होते. साह्य करण्याच्या हेतूने निघालेल्या स्पर्धेतून ते यावे आणि सप्पिचे नाव धारण करणाऱ्या बाटलीवर सहा दशकांहून अधिक काळ राहावे! विहारात वाढलेल्या माणसाला ते खटकले नाही, ग्राहकांना खटकले नाही. वंशभेदाविषयीचे आक्षेप आल्यावर १९९० च्या सुमारास ते मागे घेण्यात आले.

आम्ही सेन्सेईंना विचारले, "लहानपणी हे चित्र तुम्हांला कसे वाटे?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आवडायचे. त्याच्याकडे पाहत पाहतच मी पेला संपवीत असे." त्यांनी बाटली फिरवून आमच्याकडे केली. आता तिच्यावर नुसते निळे ठिपके होते.