विसर्जनानंतरची माती

अनंत चतुर्दशी उलटून दोनतीन दिवस झाले असतील. माणगावच्या काळ नदीवरील पुलावरून आम्ही पायी येत होतो. पाणी ओसरले होते आणि काठच्या चिखलात मखराचे कागद, कुजलेली फुले व मूर्तीचा एक हात पडला होता. कोपरापाशी तुटलेला, पण बोटे मात्र शाबूत! तो हात पाहून आम्हांस आमचीच एक जुनी चूक आठवली.

पूर्वी एका धर्मग्रामात असताना झावळ्यांच्या रविवारी उरलेल्या आशीर्वादित झावळ्या आम्ही चर्चमागच्या उकिरड्यावर जाऊ दिल्या. पुढल्या वर्षी राखेचा बुधवार जवळ आला, तेव्हा राखेसाठी दारोदार झावळ्या मागण्याची पाळी आली. एका वृद्ध मावशींनी भिंतीवरील क्रुसामागून झावळीच्या पात्यांचा विणलेला छोटा क्रूस काढून दिला. "फादर, ह्याला तरी नीट अग्नी द्या," एवढेच त्या म्हणाल्या. तो बोल अजून विसरता येत नाही.

झावळ्यांची मिरवणूक फार जुनी. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमला गेलेल्या इजेरिया नावाच्या यात्रेकरू स्त्रीने तिचे वर्णन लिहून ठेवले आहे. राख सर्वच भाविकांच्या मस्तकी लावावी, हे १०९१ साली बेनेव्हेंतोच्या धर्मसभेत पोप दुसरे अर्बन यांच्या कारकिर्दीत ठरले. गतवर्षीच्या झावळ्यांचीच राख करण्याची रीत पुढे रूढ झाली. आशीर्वादित वस्तू आदराने हाताळावी, ती ऐहिक वा अनुचित कामी लावू नये, असे १९८३ च्या धर्मसंहितेचे ११७१ वे कलम सांगते. म्हणूनच अशा वस्तू जाळण्याची किंवा पुरण्याची चाल आहे. आशीर्वाद वस्तूला चिकटून राहतो, म्हणून तिचे रूपांतर आपण जपून करतो.

आमच्या शेजाऱ्यांच्या गणपतीचे गणित नेमके उलट आहे. प्रतिष्ठापनेने मूर्तीत आणलेले देवत्व उत्तरपूजेने निरोप घेते. उरते ती माती. माती मातीला मिळावी, एवढाच विसर्जनाचा हेतू. मग तीच माती पुन्हा मूर्तिकाराच्या हाती गेली तर काय बिघडले?

माणगावच्या उत्तरेस, याच मुंबई-गोवा मार्गावर, पेण आहे. तेथील मूर्ती देशोदेशी जातात. शाडूची माती मात्र गुजरातेतील भावनगरकडून येते. पेणचे लौकिक मोठे, पण पायाखालची माती परकी, ही मौजेची गोष्ट! शाडूची मूर्ती भाजत नाहीत, नुसती वाळवतात; म्हणून पाण्यात ती विरघळते आणि गाळ सुकवून, कुटून, चाळून पुन्हा मळता येतो. भाजलेल्या मातीला हे भाग्य नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसला तर मुळीच नाही. जिप्सम भाजून केलेली ती पूड पाणी लागताच घट्ट होते, ती पुन्हा सुटत नाही. नदीकाठचा तो हात प्लास्टरचाच होता, हे वेगळे सांगावयास नको.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी सांगितली. पुढे २०२५ च्या जून महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडविण्यास मुभा दिली, मात्र नैसर्गिक जलाशयांत विसर्जनास नाही. जुलैत केवळ सहा फुटांवरील मूर्तींपुरती सवलत मिळाली. मूर्तिकारांची पोटे यावर चालतात, म्हणून आम्ही कोणासही दोष देणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टर मुरविण्याची युक्ती काढली. त्यातून खताला उपयोगी असे अमोनियम सल्फेट आणि चुनखडीसारखा गाळ मिळतो. पुण्यातच 'पुनरावर्तन' या मोहिमेने शाडूचा गाळ घरोघरून जमवून मूर्तिकारांना परत देण्यास आरंभ केला. कोलकात्याकडे तर ही जुनीच वहिवाट आहे. दुर्गामूर्तीचे लाकडी सांगाडे हुगळीतून ओढून काढतात आणि ते कुमारटुलीच्या कारागिरांकडे परत जातात.

गेल्या वर्षी आमच्याकडील काही मुले विचारीत आली, "फादर, शेजारच्या काकांच्या बादलीतला गाळ पोत्यात भरू लागलो तर चालेल का?" एका पालकांना ते रुचले नव्हते, परक्या पूजेत आपण हात का घालावा, हा त्यांचा प्रश्न. तो प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून आम्ही लगेच उत्तर दिले नाही. त्या काकांकडेच गेलो. ते म्हणाले, "पूजा झाली, फादर. आता ती माती आहे. आणि पोते उचलायला माणूस हवाच आहे."

आम्ही पालकांना मावशींच्या त्या विणलेल्या क्रुसाची हकिकत सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. दुसऱ्या दिवशी पोत्याचे एक टोक मुलाने धरले होते, दुसरे त्यांनी.