बारापेड्याची गुहा आणि तिचे आफ्रिकी भाऊबंद

खानापूर तालुक्यात, भीमगडाच्या परिसरातील निबिड अरण्यात, तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सस्तन प्राण्यांची मुलूखवार पाहणी चालविली असता एक अपरिचित वटवाघूळ हाती लागले, आणि लंडनचे प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी 1913 साली त्यास जंगलखात्यातील निवृत्त अधिकारी रॉटन यांचे नाव दिले. कपाळावर कातडीच्या पातळ पट्टीने जोडलेले, तोंडापुढे झुकलेले त्याचे विशाल कान, गर्द तपकिरी पाठ आणि मानेवरील फिकट पट्टा पाहिला म्हणजे निसर्गाच्या कारागिरीने मन थक्क होते.

याच कुळातील आफ्रिकी जातीची नोंद 1897 सालीच झाली होती. ती गुहांबरोबरच डर्बन शहरात घरांच्या छपराखालीही नांदते, विस्तीर्ण प्रदेशात आढळते, आणि तरीही आंतरराष्ट्रीय लाल यादीत संकटाच्या उंबरठ्यावर गणली जाते. आमच्या जातीचा मात्र जवळजवळ नऊ दशके बारापेड्याखेरीज दुसरा ठिकाणा ठाऊक नव्हता. पुढे कंबोडियात व मेघालयात ती सापडली, तेव्हा अतिसंकटग्रस्त हा शिक्का जाऊन ‘माहिती अपुरी’ असा शेरा आला. हा शेरा म्हणजे अभय नव्हे, असे मला निक्षून वाटते. भारतात मात्र फळे खाणाऱ्या वटवाघळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उपद्रवी ठरविले असता या कीटकभक्षकास पहिल्या अनुसूचीचे संरक्षण लाभले, आणि 2011 साली भीमगडचे अरण्यही अभयारण्य म्हणून जाहीर झाले.