आकाशमालिकांचे सूत्रधार

1998 साली दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' ही मालिका सुरू झाली, तेव्हा अमरावतीस राजापेठेतील आमच्या बिऱ्हाडी शेजारची मुले जमत. इ. स. 2123 मधला अंतराळवीर झालेले मिलिंद सोमण सर्वांच्या परिचयाचे. दिग्दर्शक केतन मेहता यांचे नाव पडद्यावरून सरके, त्या वेळी मात्र चहाचे कप फिरत असत. 'मिर्च मसाला' (1987) ज्यांचा म्हणून आम्ही वाखाणला, तेच हे गृहस्थ, याची कोणास आठवणही नसे. संगणकाने रेखलेली याने पाहून आम्ही वडीलधारी मंडळी हसत असू. त्या हसण्यात आमच्या हातून अन्याय घडला, असे आता वाटते.

अशा मालिकेत नटापुढे पुष्कळदा काहीच नसते. ग्रह, यान, शत्रू, सारे मागाहून भरावयाचे. रिकाम्या पडद्याकडे पाहून दोघांनी दचकावयाचे, आणि दोघांची दृष्टी नेमकी एकाच जागी खिळावयाची. ती हातभर इकडेतिकडे गेली की ग्रह कोसळलाच! विदर्भातील खडी गंमत ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे नवे वाटू नये. तेथे देखावा नसतो. नटाने मान वर करून वाडा पाहिला की आपणांसही वाडा दिसतो. (रंगभूमी आणि तारे यांचे वऱ्हाडास वावडे नाहीच, येथे वकिली करणाऱ्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी नाटकांबरोबर ज्योतिर्गणितावरही ग्रंथ लिहिला.)

या कलेच्या इतिहासात आरंभीच एक भारतीय नाव आढळते. लेखिका अतिया हुसेन यांचे चिरंजीव वारिस हुसेन 1938 साली लखनौस जन्मले व बालपणीच विलायतेस गेले. 1963 साली बी. बी. सी.ने 'डॉक्टर हू' ही मालिका काढली, तेव्हा पहिल्या कथेचे दिग्दर्शन या चोवीस वर्षांच्या तरुणाकडे आले. लाइम ग्रोव्ह येथील स्टुडिओ जुना व अडचणीचा; फीत कापून जोडणे खर्चाचे, म्हणून चित्रण नाटकासारखे जवळजवळ सलग करावयाचे. पहिल्या खेपेस यानाची दारे नीट मिटेचनात! वरिष्ठांस तो भाग पसंत पडला नाही आणि सर्व पुन्हा चित्रित करावे लागले.

कथेत दोन शिक्षक भंगाराच्या आवारातील पोलिसांच्या लहानशा दूरध्वनी-पेटीत शिरतात, तो आत पेटीहून कितीतरी मोठे, लख्ख दालन! ही अशक्य गोष्ट हुसेन यांनी कशी पटविली? आधी शाळेचा वर्ग, मग एका विद्यार्थिनीविषयी शिक्षकांच्या मनातील शंका, मग रात्र व ते अंधारे आवार, आणि एकाएकी तो उजेड. ओळखीच्या जगात प्रेक्षकाचे पाय घट्ट रोवल्यावाचून त्यास अनोळखी जगात ढकलले नाही. आम्हांस तर यंत्रांहून हा क्रमच अधिक मोलाचा वाटतो.

तो भाग 23 नोव्हेंबर 1963 रोजी दाखविण्यात आला. आदल्याच दिवशी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती. लोकांचे चित्त ठिकाणावर नव्हते. पुढील आठवड्यात दुसऱ्या भागापूर्वी तो पुन्हा दाखविला गेला.

परवा अकोल्यास जठारपेठेत आप्तांकडे 'कॅप्टन व्योम'चा एक भाग पुन्हा पाहण्याचा योग आला. याने अजूनही कागदी दिसतात, हे कबूल केले पाहिजे. परंतु नटांच्या नजरा जेथे वळल्या तेथे आमच्याही वळल्या, आणि नावे सरकू लागली तेव्हा आम्ही चहा खाली ठेविला.