घसारा

युसूफ वडगावला (तालुका केज, जिल्हा बीड) चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीला मांडी घालून बसलो, ही चूक नव्हती. चूक पुढे झाली. जेवण आटोपल्यावर मी उठायला गेलो. उजवा हात जमिनीवर, डावा शेजारच्या पाहुण्याच्या खांद्यावर, तोंडाने 'अगं आई गं'. तरी मी पत्रावळीसमोर तसाच. वाढप्याला वाटले, पाहुण्यांना अजून बुंदी हवी आहे. त्याने वाढली.

समोरच्या ओळीतून आई उठली. वय वर्षे ७८. हात न टेकता. म्हणाली, "बापू, काय हारपलं का रे तिथं?"

माझ्या दुर्दशेचे मूळ बी.कॉम.मध्ये आहे. यंत्र वापरले की झिजते, त्याला घसारा म्हणतात, असे आम्हाला शिकवले. मी ते शरीराला लावले आणि बँकेच्या खुर्चीत बावीस वर्षे हातपाय जपून ठेवले. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या आमच्या जिल्ह्यात हा हिशेब खोटाही नाही. त्यांच्या कमरा अतिकामानेच झिजतात. पण खुर्चीवाल्याचा घसारा उलटा चालतो, हे मला ठाऊक नव्हते.

तो उलटा हिशेब १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनमध्ये मांडला. दुमजली बसचा ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्यावर. हृदयविकार कंडक्टरांना कमी! पोस्टातही तेच: पत्रे वाटत फिरणारे पोस्टमन बरे आणि टेबलाशी बसलेले कारकून वाईट. म्हणजे जगाच्या इतिहासात आमचा उल्लेख आला तो असा. १९५६ साली त्याच मंडळींनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या कमरा तरुणपणापासूनच मोठ्या निघाल्या. तेव्हा सगळा दोष खुर्चीचाच, असे म्हणता येईना. पण खुर्ची निर्दोषही सुटली नाही.

आपल्याकडे महर्षी कर्वे हिंगण्याहून पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकवायला पायी येत. जन्म १८५८, मृत्यू १९६२. चालले की शंभरी गाठतेच असे नव्हे, पण त्यांचे काही बिघडले नाही, हे नक्की.

हे वाचून मी सुधारायला हवा होतो. उलट गेल्या पावसाळ्यात आईला ताप आला, तेव्हा तिला शहरात आणून मी तीन आठवडे गादीवर ठेवले. ताप चौथ्या दिवशी गेला. मी सोडले नाही. पाणीसुद्धा हातात. श्रावणबाळाने कावड उचलली, मी पलंग दिला. एकविसाव्या दिवशी ती उठायला गेली आणि पाय उभे राहिनात. पंगतीत हात न टेकणारी आई माझ्या खांद्याला धरून थरथरत होती. त्या दिवशी मला विनोद सुचला नाही.

मग कळले की १९६६ साली अमेरिकेत डॅलसला पाच विशीतल्या तरुणांना असेच तीन आठवडे झोपवले होते. तीस वर्षांनी तेच पाचजण पुन्हा तपासले. तीस वर्षांच्या वयाने त्यांचा दमसास जेवढा गेला, त्याहून अधिक त्या तीन आठवड्यांच्या गादीने नेला होता! बँकेत दोन वर्षे व्यवहार नसेल तर खाते निष्क्रिय होते. शरीर एवढी मुदत देत नाही.

पण खाते पुन्हा चालू होते. १९९० साली बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहाजणांनी पायांनी वजने उचलायला घेतली. नऊजणांनी आठ आठवडे पुरे केले. पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. दोघांनी काठी सोडली. असे व्याज आमच्या बँकेने कधी दिलेले नाही.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आईला खुर्चीतून उठणे-बसणे दिले, आधी पाच वेळा, मग दहा. तिला सोबत म्हणून मीही. मोजणी आईकडे, आणि माझे अर्धवट उठणे ती धरत नाही. आमच्या हेडकॅशियरनंतर एवढा कडक माणूस मी पाहिलेला नाही.

यंदा वडगावला पुन्हा पंगत होती. आई एक हात टेकून उठली. मीही एकच हात टेकून उठलो. वाढपी बुंदी घेऊन आला, माझ्याकडे पाहिले आणि पुढे गेला.