घड्याळाच्या काचेवरील चरे पडलेला लेप कसा काढतात?

महागड्या मनगटी घड्याळांची काच बहुधा कृत्रिम नीलमाची, म्हणजे सफायरची असते. मोहस् श्रेणीत तिची कठीणता ९ असून हिऱ्याची १० आहे. तरीही अशा काचेवर बारीक चरे दिसू लागतात. ते पुष्कळदा काचेवर नसून तिच्यावरील परावर्तनरोधक लेपावर असतात.

सफायरचा अपवर्तनांक सुमारे १.७७ असल्याने तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साडेसात टक्क्यांहून अधिक प्रकाश परावर्तित होतो व तबकडी नीट दिसत नाही. म्हणून मॅग्नेशियम फ्लोराइडसारख्या पदार्थाचा सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा थर निर्वात कक्षात चढवतात. झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये हे तंत्र भिंगांसाठी विकसित केले. या लेपाची कठीणता ६ च्या आसपास, तर धुळीतील क्वार्ट्झच्या कणांची ७ असते. त्यामुळे वाशीम जिल्ह्यातील मानोऱ्याच्या बाजारातली धूळ असो वा मुंबईच्या रस्त्यावरची, बाहीने काच पुसताच लेपावर रेघा उमटू शकतात.

काच बदलण्याचा खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे पाहावे. काच दिव्याखाली तिरपी धरल्यास लेप निळसर वा जांभळट दिसतो आणि रेघेच्या जागी ही छटा तुटते. रेघ नखाला अडखळत असेल, तर मात्र चरा काचेतच आहे.

लेप काढण्यासाठी प्रथम धातूच्या कडेवर चिकटपट्टी लावावी, अन्यथा पोलादावर ओरखडे पडतात. अर्धा ते एक मायक्रॉन कणांची हिऱ्याची पेस्ट मऊ कापडावर घेऊन हलक्या हाताने गोलाकार घासावे, अधूनमधून पुसून पाहावे. निळसर छटा सर्वत्र नाहीशी झाली की काम संपले. फिरत्या यंत्राच्या उष्णतेने काचेखालचे रबरी कडे बिघडून घड्याळात पाणी शिरू शकते. आम्लाचा वापर तर घरी मुळीच करू नये.

काच सफायरचीच आहे याची खात्री नसल्यास हा उपाय टाळावा. साधी खनिज काच या पेस्टने धुरकट होते. काढलेला लेप घरी पुन्हा चढवता येत नाही. प्रकाशाची चमक थोडी वाढते. परंतु आतील बाजूसही लेप असल्यास तो सुरक्षित राहतो आणि तबकडी पुन्हा स्वच्छ दिसू लागते.